उकिरड्यावरचं जायफळ

जायफळाचं झाड लावायचं वेड अख्ख्या रोहिणखेडात एकट्या उकंडरावकाकांनाच लागलं. कारण त्यांची बायको, आशाकाकू. लेक सुचिता लग्न होऊन दापोलीला गेली आणि काकूंचा डोळ्याला डोळा लागेना. काका रोज सांजेला जायफळ उगाळून दुधातून देत. पण बाजारातलं जायफळ किडकं निघे. "कास्तकाराच्या बायकोनं किडकं काऊन खावं?" म्हणत त्यांनी सुचिताकडून रोपच मागवलं.

आणि कपाशीवाला जे करील तेच केलं. वावरातली सगळ्यात भारी काळी जमीन दिली, लख्ख ऊन दिलं, वर भरपूर पाणी. काळी माती पाणी धरून बसली, मुळं कुजायला लागली. घाटाखालचं आमचं ऊन तर माणसालाही सोडत नाही, पानं करपली. कुणी म्हणालं, घाटावर न्या, तिकडं हवा थंड. काका नुसते रोपापाशी उकिडवे बसून राहत. शेजारच्या अंगणातून बघताना मला हसूही येई आणि वाईटही वाटे.

शेवटी सुचितानं फोनवर सांगितलं, "बाबा, इकडं ते नारळाच्या सावलीत वाढते. उतारावर, जिथं पानी थांबत नाही तिथं. पालापाचोळ्याची भुसभुशीत माती पायजे त्याले."

"मंग उकिरड्यावर लावा," काकू म्हणाल्या.

काका भडकले. "लेकीनं धाडलेलं झाड उकिरड्यावर?"

"तुमाले नव्हतं का टाकलं?"

टाकलं होतं खरं. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मताच काकांना घटकाभर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, यमानं ढुंकूनही पाहू नये म्हणून. आमच्याकडं उकिरड्याला उकंडा म्हणतात, नावही त्यावरूनच पडलं. काकांनी कुदळ उचलली. घरामागं जुन्या उकिरड्याची माती होऊन उंचवटा झाला होता, वर आंब्याची सावली. रोप तिथं गेलं. रोज सांजेला दोघं त्याच्याभोवती ओलं पोतं बांधत आणि तिथंच बोलत बसत. कोवळं पान फुटलं तेव्हा काकांनी मला हाक मारून दाखवलं, नातू झाल्यासारखं.

उन्हाळ्यात सुचिता माहेरी आली आणि रोपापाशी बसल्या बसल्या तिनंच घोळ केला. "फळ याले सात-आठ वर्सं लागते, बाबा. नर निघालं त येनारच नाही."

सत्तरीच्या काकांचा चेहरा उतरला. "तवापर्यंत मी कुठी अन् तू कुठी?" ते काकूंना म्हणाले. "तुह्या झोपेचं काय?"

"मले ठावं होतं. पोरीनं मले पयलेच सांगतलं होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती त तुमी रोज माह्यापाशी इथं बसले असते काय? जायफळ उगाळाचं तुमी कवाचेच भुलून गेले. तरी मी घोरून राह्यली, तुमाले आयकू येत नाही काय?"

सुचिता हसली. काका जरा सरकले आणि त्यांनी बायकोला सावलीत जागा करून दिली.