दोनदा मोजलेले सुरय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पक्षिगणनेतल्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मधेच समजूतदारपणे मान डोलवू नका — मला त्याची चीड येते.

मी डहाणूला, मसोलीत राहतो. हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. समुद्रपक्षी मोजायला जाणं हा माझा छंद — छंद कसला, मिजास होती ती. चारचौघांत दुर्बीण गळ्यात अडकवून फिरण्याची मिजास.

वरोरच्या किनाऱ्यापासून बरंच आत, ओहोटीला उघडा पडणारा एक खडक आहे. थंडीत त्यावर सुरय येऊन बसतात. कुरव म्हणजे सीगल, त्यांच्याहून सडपातळ, टोकदार पंखांचे पक्षी. आमची पद्धत ठरलेली — एका होडीत दोघं मोजणार, दोघांच्या वह्या वेगळ्या, किनाऱ्याला लागेपर्यंत आकड्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

त्या वर्षी माझ्या जोडीला वंदना होती. तलासरीकडच्या डोंगरातल्या गावची, घरची भात-नागलीची शेती. दहावीपर्यंत माझीच विद्यार्थिनी, पुढे कोसबाडला शिकत होती. ती बोटांच्या पेरांवर मोजायची — घरी भाताचे भारे मोजतात तशी, एका पेरावर दहा पक्षी. आणि चुकायची नाही.

मला तिचा राग यायचा. का? एकदा सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, ‘‘सर, तो नाही, त्याच्या मागचा बघा.’’ मी बघितलं. तिचं बरोबर होतं. एवढ्यावरून कुणी कुणाचा दुस्वास करतं का? मी केला. वर्षभर, मनापासून.

त्यातच दूरच्या एका बेटावर गणना ठरली. वस्ती नाही, पाणीसुद्धा बरोबर न्यायचं, दहा दिवस राहायचं. आमच्या गटातून एकालाच जाता येणार होतं आणि वरोरची मोजणी बघून संयोजक नाव ठरवणार होते. वंदनाला जायचं होतं. ऐन झोडणीत दहा दिवस सुटी मिळावी म्हणून तिने बापाची किती मनधरणी केली होती, ते तिनेच मला सांगितलं होतं. मला — विश्वासाने.

त्या सकाळी मला बोट लागली. खडक दिसायच्या आधीच पोटात ढवळायला लागलं. होडीचा तांडेल म्हणाला, ‘‘मास्तर, खाली नका बघू, लांब बघा.’’ मी खालीच बघत राहिलो. गुडघ्यांत डोकं घालून ओकत होतो. वंदनाचा एक हात माझ्या पाठीवर होता, त्याच हाताचा अंगठा पेरांवर फिरत होता; दुसऱ्या हातात दुर्बीण. मी एकही सुरय पाहिला नाही. एकही नाही. परत फिरलो तेव्हा वहीत काहीतरी असायला हवं म्हणून गेल्या वर्षीचा आकडा आठवला, थोडा कमी केला आणि लिहून टाकला.

किनाऱ्यावर दोन्ही वह्या उघडल्या. तिचा आकडा माझ्या दुपटीहून जास्त. संयोजकांनी माझ्याकडे पाहिलं.

बोट लागली होती, एवढंच म्हणायचं होतं. कुणाला लागत नाही? कुणी हसलंही नसतं. तांडेल तर तिथेच जाळं आवरत उभा होता.

मी म्हणालो, ‘‘उडालेला थवा पुन्हा बसला, तो हिने परत धरला. दोनदा मोजलेत. पेरांवर मोजणाऱ्यांचं व्हायचंच असं.’’

सगळे हसले. वंदना माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं — तिचा हात माझ्या पाठीवर होता! ती म्हणाली, ‘‘सर सांगतात तं तसंच असेल.’’ आणि स्वतःच्या हाताने आकड्यावर काट मारली. त्यावरही मी चिडलो. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

बेटावर मी गेलो. तिथे मात्र दहाही दिवस अगदी प्रामाणिकपणे मोजलं, बरं का. वंदना पुन्हा गणनेला आली नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, भित्रेपणा झाला एका सकाळी. तेवढंच असतं तर मी सांगायला बसलो नसतो. बेटावर जाऊन आल्यामुळे नव्या लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. दर थंडीत मी त्यांना नेहमीच्या चुका सांगतो आणि दर थंडीत तो किस्सा सांगतो — तलासरीकडच्या एका मुलीने सुरय दोनदा कसे मोजले त्याचा. अंगठा पेरांवर भराभर फिरवून, डोळे बारीक करून नक्कल करतो. लोक हसतात. मला ते आवडतं.

गेल्या थंडीत एका शाळेची मुलं आली होती. त्यांना घेऊन आलेल्या बाई मागच्या बाकावर बसल्या. वंदना. मी तिला लगेच ओळखलं. तिने लांबूनच हात जोडले. तो किस्सा गाळता आला असता, मला कुणी विचारलं नसतं. तिच्याकडे बघत मी तो सांगितला. नकलेसकट, जरा जास्तच रंगवून.

तिची मुलं पोट धरून हसली. एकाने तर मागे वळून तिलाच विचारलं, ‘‘बाई, एवढी कशी येडी ती?’’

वंदना म्हणाली, ‘‘सर काय सांगतात ते लिहून घ्या.’’

मुलांनी लिहून घेतलं. मी पुढची चूक सांगायला लागलो.