पैकीच्या पैकी गुण आणि अर्धी पुडी

ही जिंकल्याची गोष्ट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण मधल्या भागात माझी बरीच फजिती आहे आणि वाचणाऱ्याने तिथेच मला सोडून जाऊ नये.

मी मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवते. माहेर धारचं, सासर देवासचं. शिकवण्याच्या जोडीला माझा संशोधनाचा विषय एकच: डॉक्टर होणाऱ्या मुलांना माणसांशी बोलायला शिकवता येतं का, आणि शिकवलं तर ते मोजायचं कसं. त्यासाठी मी एक चेकलिस्ट तयार केली होती. विद्यार्थ्याने नमस्कार केला का, स्वतःची ओळख दिली का, सोप्या भाषेत सांगितलं का, शेवटी काही शंका आहे का असं विचारलं का. असे अठरा मुद्दे, अठराही माझ्या हातचे. दुसऱ्या कॉलेजांतली मंडळी ती यादी मागून नेत आणि मी दर वेळी मनातून फुगत असे.

दर आठवड्याला आमची एक बस मुलांना घेऊन टोंकखुर्दच्या बाजूच्या गावांत जायची. एकेका विद्यार्थ्याकडे चार-पाच घरं. त्या बसवर आमच्या विभागप्रमुखांचा डोळा होता. सर धारचेच, जुन्या सरदारी घराण्यातले, बोलणं अगदी अदबीचं आणि निर्णय मात्र दगडासारखे. एके दिवशी मला बोलावून म्हणाले, "बाईसाहेब, पुढच्या वर्षापासून बस बंद. मुलं एसीत बसून एकमेकांशी बोलायला शिकतील. एक आई होईल, एक डॉक्टर. बात खतम."

"सर, गावात जाऊन फरक पडतो."

"मग दाखवा ना. तुमचंच तर शास्त्र आहे. कमिटीपुढे आकडे ठेवा. फरक दिसला तर बस राहील, नाहीतर नाही."

मी उड्या मारतच बाहेर आले. आकडे म्हणजे माझा हातचा मळ. विषय घेतला जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस देण्याचा, कारण तो आमची मुलं झोपेतही सांगतील: एक लिटर स्वच्छ पाण्यात अख्खी पुडी, दिवसभर थोडं थोडं, उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचं. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांनी घरोघरी आयांना समजावलं आणि आम्ही शिक्षकांनी शेजारी उभं राहून गुण दिले. बहुतेकांना पैकीच्या पैकी. एकच मुलगी अडली. ती धार जिल्ह्यातल्या डहीकडची, तिच्या गावातून डॉक्टर व्हायला निघालेली पहिलीच. ओळख द्यायची विसरली, मुद्दे क्रमाने सांगितले नाहीत, निम्मा वेळ उकिडवी बसून गप्प. मी तिच्या कागदावर लिहिलं, 'बोलण्यात कमी', आणि शेवटपर्यंत न थांबता पुढच्या घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या घरांत पुन्हा गेले. कमिटीपुढे जरा वजन पडावं म्हणून ही माझीच शक्कल: आईच्या हातात नवी पुडी द्यायची आणि म्हणायचं, बनवून दाखवा.

पहिल्या घरातल्या बाईने पुडीचा कोपरा फाडला, स्टीलच्या ग्लासात दोन चमचे घातले, पुडीची घडी करून तिला केसातली पिन लावली आणि जिऱ्याच्या डब्यात ठेवून दिली. मी म्हटलं, एक लिटर पाणी घ्यायला सांगितलं होतं ना कालच्या डॉक्टरांनी? ती हसली. "इत्तो पाणी म्हारो छोरो नी पीवे, बई."

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरातल्या बाईने अर्धी पुडी एका कपात घातली. ते पाणी इतकं खारट की जुलाब झालेल्या पोराला द्यायची सोय नाही. चौथ्या घरात सासूने सुनेला आठवण करून दिली, बाकीची जपून ठेव हं. आणि गंमत अशी की विचारलं तर साऱ्या जणी कालचा धडा घडाघडा म्हणून दाखवत. एक लिटर, अख्खी पुडी, सगळं बरोबर. हात मात्र स्वतःच्या सवयीने चालत होते.

मी रागाने लाल झाले. राग मुलांवर, बायांवर, उन्हावर, सगळ्यांवर. देवासला घरी येऊन सासूबाईंपुढे तणतणले, की लोक अर्धी पुडी जपून काय ठेवतात! सासूबाई शांतपणे उठल्या आणि फडताळातून एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. आत अर्धी ओआरएसची पुडी, कपड्याचा चिमटा लावलेली.

"सूनबाई, वस्तू आहे ती. अख्खी कशाला नासायची?"

ही माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, किती वर्षं चाललेली गोष्ट कोण जाणे. मला हसूच फुटलं. आणि हसता हसता लक्षात आलं, की चुकलेले विद्यार्थी नव्हते. त्यांनी माझ्या यादीबरहुकूम सगळं केलं होतं. ज्या घरात काहीच अर्धवट टाकून देत नाहीत, त्या घरातल्या बाईला आम्ही उरलेलं टाकून द्यायला सांगत होतो आणि वर काही शंका आहे का असं विचारत होतो. ती कशाला शंका विचारेल? तिने तिचा मार्ग काढला होता.

डहीच्या मुलीची घरं राहिली होती. दुसऱ्या दिवशी जड पावलांनी गेले. पहिलीच बाई आत गेली आणि एक पितळी तांब्या घेऊन आली. त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. दोऱ्यापर्यंत पाणी भरलं, अख्खी पुडी ओतली, ढवळलं, चाखून पाहिलं. पुढच्या घरात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यावर काजळाची रेघ. तिथेही अख्खी पुडी. तिच्या पाचही घरांत एकही चूक नाही.

कॉलेजात तिला गाठलं. आधी ती घाबरली, वाटलं असेल पुन्हा बोलणी बसणार.

"तू त्यांना सांगितलंस तरी काय?"

"ज्यादा कुछ नहीं, मॅडम. एक लीटर वाली पानी की बोतल ले गई थी. त्यांच्याच घरातलं भांडं काढायला लावलं, मोजून खूण करून घेतली. मग म्हटलं, आता तुम्ही बनवा, मी बघते. चुकल्या की पुन्हा."

"आणि उरलेलं?"

"म्हटलं, संध्याकाळी शेतातून येतात त्यांना द्या. उन्हातून आलेल्याला चांगलंच ना? फेकायला सांगितलं तर कोणी अख्खी पुडी घालणार नाही, मॅडम. आमच्या घरी अर्धी पुडी मीच बांधून ठेवायचे."

अठरा मुद्द्यांत एकही मुद्दा तिच्या कामाचा नव्हता. बाईच्या हातून करून घेतलं का, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि हेही कबूल करते, की त्याच क्षणी मला अतोनात आनंद झाला. इतकी वर्षं मी जे शोधत होते ते या पोरीने पाण्याच्या बाटलीने करून दाखवलं होतं.

प्रश्न कमिटीचा होता. नुसते चेकलिस्टचे गुण दाखवले असते तर बस वाचली असती. खोटंही ठरलं नसतं. गुण दिले होते ते दिलेच होते. दोन दिवस मी दुसऱ्या फेरीच्या निकालांचा कागद वेगळा काढून ठेवला आणि परत आत ठेवला. शेवटी दोन्ही आकडे घेऊन सरांपुढे बसले.

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या यादीत पास झालेले गावात नापास. बाईसाहेब, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात की हो."

"सर, एक संधी द्या. तीच मुलं, पण त्या मुलीच्या पद्धतीने. आणि गुण मुलांच्या बोलण्याला द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी आई जे बनवेल त्याला द्यायचे."

"टोंकखुर्दच्या बायका आता पढून तयार झाल्या. तिथे नको." सर धूर्त होते, आणि शास्त्राच्या हिशेबाने बरोबरही. "नव्या गावात करा. डहीला चला. मीही येतो. तिथे जमलं नाही तर बसचं नाव काढायचं नाही."

आठवडाभर ती मुलगी व्हरांड्यात आपल्याच वर्गाला शिकवत होती. वर्गातल्या बोलक्या मंडळींना गप्प बसवणं महाकठीण. एखाद्याने मधेच तोंड उघडलं किंवा भांड्याला हात लावला की ती म्हणायची, "भिया, हाथ पीछे." आणि तो खरंच हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मी खांबाआडून बघायचे आणि ओठ दाबून हसायचे.

डहीला सकाळी घरं वाटली, मुलं विखुरली. दुसऱ्या दिवशी सर आणि मी निघालो. पहिलं घर: भांडं, खूण, अख्खी पुडी. दुसरं: बरोबर. तिसऱ्या घरातली बाई पाणी मोजताना थांबली तेव्हा मी सरांच्या पेनाकडे पाहिलं. तिला फक्त माशी हाकलायची होती. एका पाड्यावर एक घर चुकलं, सरांनी लगेच वहीत लिहिलं. त्यानंतर पुन्हा बरोबर, बरोबर, बरोबर. दुपारपर्यंत सरांनी वही खिशात घातली होती.

शेवटच्या घरात त्यांना परीक्षा घेतल्याशिवाय राहवलं नाही. कडेवर पोर घेतलेली एक तरुण बाई पुडी फाडत होती. सर पुढे झाले आणि आपल्या भारदस्त आवाजात म्हणाले, "बहनजी, बच्चा छोटा है. आधी पुड़िया ही डालिए, आधी रख लीजिए."

पांढरे केस, इस्तरीचा शर्ट, मोठे डॉक्टर. यांच्यापुढे कोण नाही म्हणणार? त्या बाईने सरांकडे पाहिलं, हातातल्या पुडीकडे पाहिलं आणि अख्खी पुडी पाण्यात रिकामी केली.

"पूरी ही डलती है, साब. मैंने कल खुद बनाई है. आपने कभी बनाई है?"

सरांनी कधीच बनवली नव्हती. मीही गावातल्या बायांसमोर कधी बनवली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून आयुष्यभर फक्त सांगितलं होतं. सर खळखळून हसले, असे हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या बाईला हात जोडून म्हणाले, "नहीं बनाई."

बसपाशी मुलं घोळका करून उभी होती. कुणी विचारत नव्हतं, सगळ्यांचे डोळे सरांच्या तोंडाकडे. ते पायरीवर चढले, वळले आणि डहीच्या मुलीला शोधून म्हणाले, "बेटा, बस चालू राहील. आणि पुढच्या खेपेला आधी आम्हा प्राध्यापकांना शिकव."

पोरांनी जो गलका केला त्यात मी माझाही आवाज ऐकला. ती मुलगी मात्र ओरडली नाही. माझ्याकडे बघून तिने हळूच दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि मी सगळ्यांदेखत रडले.