ओल्या खोबऱ्याला वॉरंटी नसते

विजेची कुठलीही वस्तू विकत आणली की तिच्याबरोबर घरात तीन गोष्टी येतात. खोका, थर्माकोल आणि एक किस्सा. खोक्यात कोंबडी अंडी घालते, थर्माकोल मुलं खाडीत तरंगवायला नेतात. किस्से तेवढे साठत जातात. आमच्या वाडीत ते जरा जास्तच साठलेत, कारण आमच्या बाजारात अशा वस्तूंचं मोठं दुकान एकच, बाबलशेठचं. कुणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नवा खोका उतरला की बघायला पहिली मी जाते. लोक भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. पण दुकानात भांडायला जायचं असलं की सोबतीला मलाच हाक मारतात.

* * *

सुरुवात माझ्याच मिक्सरपासून करते. घेऊन चार महिने झाले नसतील, वाटता वाटता जळका वास आला आणि मिक्सर गप्प. वॉरंटी कार्ड जपून ठेवलेलं, ते घेऊन गेले. बाबलशेठने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. भांडं उचललं आणि नाकाशी धरलं.

"वयनी, ह्याच्यात वाटलास काय?"

"खोबरा."

"सुका की ओला?"

"ओला. रोजच्या आमटीक सुका खोबरा कोण घालता?"

त्याने भांडं खाली ठेवलं आणि मान हलवली. "ओल्या खोबऱ्याक वॉरंटी नाय."

आता सांगा! मालवणच्या किनाऱ्यावर मिक्सर विकायला बसलेला माणूस. त्याच्या स्वतःच्या घरी काय पाण्यात मीठ टाकून आमटी करतात? घरी येऊन कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. इंग्रजीतलं मुलीकडून वाचून घेतलं. खोबऱ्याचं नावही नव्हतं त्यात.

* * *

मग पंखा. दोन महिन्यांत कुरकुरायला लागला, इतका की कुणाला वाटावं माळ्यावर कुणीतरी पाळणा हलवतंय. बाबलशेठ म्हणाला, "फॅन चांगलो आसा, वयनी. तुमची हवा खराब आसा. खारी हवा बेअरिंग खाता."

आता त्याचं दुकान समुद्राला आमच्या घरापेक्षा जवळ. आणि त्याच्या डोक्यावर त्याच कंपनीचा पंखा गरगर फिरत होता, आवाज म्हणून नाही. मी फक्त बोट वर केलं. त्याने मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

"तो बाबांच्या वेळचो," तो म्हणाला. "तेव्हा माल बरो येय."

* * *

माझं एक वेळ चाललं. मिक्सर नाही तर पाटा आहे, पंखा नाही तर खळ्यात खाट टाकता येते. पण फिलूबायचं तसं नव्हतं.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना, आमची शेजारीण. दोन्ही घरांच्या मध्ये फक्त एक दगडी गडगा. नवरा गेल्यावर तिने पडवीत चार टेबलं मांडली आणि पर्यटकांना जेवण घालायला लागली. हाताला चव अशी की एकदा जेवून गेलेला माणूस पुढल्या वर्षी पाहुणे घेऊन येतो. नाताळाचे पंधरा दिवस तिचे खरे कमाईचे. पण वारा सुटला आणि होड्या गेल्या नाहीत, तर आलेल्या माणसाला वाढणार काय? त्यासाठी तिला डीप फ्रीजर हवा होता. नोव्हेंबरात आम्ही दोघी बाबलशेठकडे गेलो.

मी आधीच सांगितलं, सीलबंद खोक्यातला द्या. तो म्हणाला, खोका गोडाऊनमध्ये उंदरांनी खाल्ला, पीस मात्र नवा कोरा. कोपऱ्यात पोचा होता. तो म्हणे टेंपोत पडला. फिलूबाय सरळ बाई. तिने मान डोलावली.

घरी आणून आतून पुसायला घेतला, तर जाळीखाली काय सापडावं? आइस्क्रीमचा लाकडी चमचा. चाटलेला! वर गुलाबी डाग. तिथल्या तिथे फोन लावला. बाबलशेठ जराही अडखळला नाही. म्हणाला, कंपनी माल सोडण्याआधी टेस्टिंग करते.

फिलूबायने चमचा माझ्यासमोर धरला. "स्ट्रॉबेरी खावन?"

* * *

आता माझ्यासारख्या बाईला चमचा सापडला म्हणजे काय होणार? दोन दिवस मी घरात ठरले नाही. तिसऱ्या दिवशी पत्ता लागला. बाबलशेठचा मेहुणा कुणकेश्वरच्या जत्रेत आइस्क्रीमचा स्टॉल लावतो. माझ्या मावसबहिणीने तिथे दोन कप खाल्ले होते, आणि फ्रीजरच्या पोच्याच्या कडेला तिच्या साडीचा पदर अडकून फाटला होता. पदर तिने अजून शिवलेला नव्हता. म्हणजे पुरावाच!

मी दुकानात जाऊन सगळं तोंडावर सांगितलं. बाबलशेठने शांतपणे ऐकून घेतलं.

"सफेद फ्रीजर जगात एकच आसा काय, वयनी?"

* * *

पहिली सुरमई आठव्या दिवशी नासून गेली. आख्खी. कुडाळहून मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडलं, आत हात घातला, डोळे मिटले, नाडी बघावी तसा. मग म्हणाला, थंड आहे की! फिलूबायने त्याला कोळंबीची पिशवी दाबून दाखवली. बोट आरपार गेलं.

मेकॅनिकने बराच विचार केला. "तुमी हेच्यात भरतास लय," तो म्हणाला. "रिकामो ठेवलास तर मस्त चलता."

आणि वहीवर तिची सही घेऊन गेला.

* * *

मग कंपनीला फोन. अर्धा तास बाजा ऐकला, तेव्हा कुठे एक बाई हिंदीत बोलायला लागली. गोड बोलत होती बिचारी, तिला शिव्या देववत नव्हत्या. तिने विचारलं, तुमच्या जवळचं मोठं शहर कुठलं? फिलूबायने कणकवली सांगितलं. यादीत नाही. कुडाळ? नाही. पणजी सांगितलं, तर ते म्हणे दुसऱ्या राज्यात गेलं. मुंबई होतं. बाई आनंदाने म्हणाली, मग तिथल्या केंद्रावर घेऊन या.

फ्रीजर! मुंबईला! जसा काही फणस आहे, मांडीवर घेऊन बसायला.

दुसरी सुरमई त्याच आठवड्यात गेली. आम्ही दोघी ती माडाच्या मुळाशी पुरत होतो, तेव्हा फिलूबायचा फोन वाजला. मेसेज होता. तिचे हात चिखलाचे, म्हणून मी वाचला. "आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे."

फिलूबाय फावड्याने माती ओढत राहिली. नाताळ बारा दिवसांवर आला होता. तीन कुटुंबांनी आधीच फोन करून जेवण सांगितलं होतं. त्यांना नाही म्हणून कळवावं काय, असं तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

* * *

आणि त्याच आठवड्यात बाबलशेठच्या दुकानावरचा नवा मजला पुरा झाला. खास एसी विकायला. पूजा ठेवली, सगळ्या बाजाराला प्रसादाचं आमंत्रण. आम्हालाही. लाज बघा किती!

आमच्याकडे असं कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. एक जाणता माणूस नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाला हाक मारतो, एकेक मागणं घालतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचं ते धाकूकाकांनी. सत्तरी उलटली, पण आवाज तिठ्यापर्यंत जातो. काय मागायचं ते त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. बाबलशेठने त्याचं सांगितलं होतंच. आदल्या दिवशी मीही त्यांच्या अंगणात जाऊन बसले आणि फिलूबायचं सगळं सांगितलं, चमच्यापासून मेसेजपर्यंत.

काकांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं. एकच विचारलं, "सुरमय दोनदा गेली?"

"दोनदा."

"हूं," म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुकान माणसांनी भरलं होतं. मी पुढे, फिलूबाय दाराशी. बाबलशेठ नव्या धोतरात, बायकोसह पाटावर. काकांनी नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान दुकानार नवो मजलो चढवल्यान, तो तू गोड मानून घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या धंद्याक कोणाची वायट नजर लागली आसात, तर ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोराबाळांक बरा ठेव, दारात आलेला गिऱ्हाईक हसत धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काका श्वास घ्यायलाही थांबले नाहीत.

"आणि जत्रेतलो वापरलेलो फ्रीजर जो फिलूबायक नवो म्हणान इकल्यान, तो परत घेवन आज सांजेच्या आत सीलबंद नवो देतलो, असो शब्द ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाशी देता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बाबलशेठचा. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले.

काकांनी नारळ फोडला. फिलूबाय दारातूनच मागे वळली आणि तिचा फ्रीजर घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या टेंपोवाल्याला म्हणाली,

"उतरव रे."