कोंबडीची लस घेऊन गोराईला

विक्रोळीहून निघाले तेव्हा माझ्या हातात थर्मास होता. त्यात बर्फ, आणि बर्फात लशीची बाटली. बोरिवलीपलीकडे गोराईत माझी लहानपणची मैत्रीण हिरा राहते. गेल्या साली मानमोडीने (कोंबडीची मान वाकडी करून जीव घेणारा रोग) तिचं खुराडं रिकामं केलं. आता एका कोंबडीने पुन्हा पिल्लं काढली होती. "हीपण गेली तर मी परत पाळायची नाही," ती फोनवर म्हणाली. कोंबड्यांवाचून हिरा म्हणजे नुसती कुरकुर. म्हणून मीच लस घेतली. दुकानदाराने बजावलं, "मावशी, पिल्लाच्या डोळ्यात थेंब पडेपर्यंत गार राहिली पाहिजे."

घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत शिपायाने थर्मास अडवला. "एक घोट पिऊन दाखवा, आजी."

"कोंबडीच्या पिल्लांची लस आहे. तूच पी."

त्याने झाकण उघडून आत पाहिलं आणि मला सोडलं.

अंधेरीला मेट्रो बदलली, बोरिवलीला उतरून रिक्षाने जेट्टी गाठली. खाडीला वास येत होता, पण काठावरची तिवरांची झाडं हिरवीगार होती आणि होडीत वारा चांगला लागला.

हिराने दारातच थर्मास काढून घेतला. मी पाय धुऊन येते तो तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि कोकम सरबत पुढ्यात. पहिल्या घोटाला दात ठणकले. हिराचा फ्रीज तर गणपतीपासून बंद आहे.

"बर्फ कुठला गं?"

"तुझ्याच थर्मासातला. पाहुण्याला काय कोमट सरबत देऊ?"

"आणि बाटली?"

"माठावर ठेवलीय. मला काय अक्कल नाही?"

"तीपण माठावरच ठेवलीस."

बाटली अजून गार होती. जेवण तसंच सोडून उठले. सरबतातले लालसर खडे वाटीत काढले, लशीची पूड तिच्यासोबत आलेल्या पाण्यात विरघळवली आणि बाटली त्या खड्यांत उभी केली. हिराने डालग्याखालून (पिल्लं झाकायची बांबूची टोपली) एकेक पिल्लू काढून मुठीत धरलं, मी डोळ्यात थेंब टाकला. पिल्लाने डोळा मिटून उघडला की पुढचं. कोंबडीने माझी पोटरी दोनदा फोडली.

"फुकट गेली असेल का गं लस?" हिराचा आवाज बारीक झाला होता.

"मानमोडी आली की कळेल." खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

निघताना तिने रिकाम्या थर्मासात सरबत भरून दिलं. बोरिवलीच्या मेट्रोत शिपाई म्हणाला, "पिऊन दाखवा." या वेळी प्यायले.

पुढे तिच्या वाडीत मानमोडी आली. शेजारणीच्या कोंबड्या गेल्या. हिराने फोन केला. "माझी सगळी उकिरडा उकरतायत. आता ये, निवांत जेवायला."

जाईन. पण हिराकडे लस न्यायची तर दोन थर्मास न्यावे, एक पिल्लांचा आणि एक माझा. पाहुण्याला कोमट सरबत देणं तिला या जन्मात जमायचं नाही.