आईला कोण सांगणार?

"मॅडम, तिला काही सांगू नका. पाया पडतो तुमच्या."

मिलिंद वॉर्डच्या दारात माझी वाट अडवून उभा होता. आत त्याची बायको प्रज्ञा होती. आदल्या दिवशीच तिचं सिझर झालं होतं. मी नांदेडच्या या हॉस्पिटलची बालरोगतज्ज्ञ, सकाळच्या राउंडला निघालेले.

"काय सांगू नको?" मी विचारलं.

"डाउनचं. सर बोलले मला."

मी मनातल्या मनात सरांना चार शब्द सुनावले.

झालं होतं असं. जन्मानंतर बाळ पहिल्यांदा माझ्या हातात आलं तेव्हाच मला शंका आली होती. नेहमीचं बाळ हातावर घेतलं की अंग आवळून धरतं. या मुलीचे हातपाय सैल लोंबत होते. आम्ही याला टोन कमी आहे असं म्हणतो. डोळे किंचित तिरपे, मान मागून रुंद, तळहातावर एकच आडवी रेघ. यातलं एखादं लक्षण कुठल्याही निरोगी बाळात सापडतं. सगळी एकत्र आली की डॉक्टर सावध होतो. गरोदरपणात सोनोग्राफ्या झाल्या होत्या, त्यात काही आलं नव्हतं. प्रत्येक वेळी येतंच असंही नाही.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक आणि मला सीनियर.

"सर, डाउन सिंड्रोम वाटतंय. आईवडिलांना एकत्र बसवून सांगते."

"आधी कॅरिओटाइप पाठवा. रिपोर्ट येऊ द्या, मग बोला. उगाच घाबरवू नका."

कॅरिओटाइप म्हणजे रक्तातल्या क्रोमोझोमची तपासणी. माणसाच्या प्रत्येक पेशीत क्रोमोझोमच्या जोड्या असतात. एकविसाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन आले की डाउन सिंड्रोम होतो. रक्त नांदेडहून बाहेर पाठवावं लागतं, रिपोर्टला वेळ लागतो. मी थांबायला तयार झाले. पण त्या सकाळी मिलिंदनं सरांना जिन्यात गाठून "पुन्हा रक्त कशाला घेतलं?" असं विचारलं, आणि सरांच्या तोंडून तिथंच निघून गेलं.

मिलिंद बिलोलीकडं वीज कंपनीत लाइनमन होता. चालू लाइनजवळ काम करणारा माणूस, पण त्या सकाळी पार घाबरलेला होता. मोबाइलवर नको नको ते वाचून झालं होतं. देगलूरला दुकान चालवणाऱ्या थोरल्या भावाला फोनही केला होता.

"दादा म्हणाला, तिला आत्ता कळू देऊ नको. टाके ओले हायेत. रडली तर दूध आटंल. म्हणाला, इथून सरळ लातूरला तिच्या माहेरी सोड, मग बघू पुढचं."

"मग बघू म्हणजे काय?"

तो दारातून बाजूला झाला.

मी त्याला म्हटलं, "दुपारी मी परत येते. तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. पण तिनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

दुपारपर्यंत थांबावं लागलंच नाही. मी आत गेले तर प्रज्ञा बाळाला छातीशी धरून घामाघूम झाली होती. बाळ चार घोट ओढायचं, दमायचं आणि झोपायचं. शेजारी सासू शांताबाई होत्या. प्रज्ञा त्यांना आत्याबाई म्हणायची.

"माझंच दूध कमी हाय मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "आत्याबाई म्हणतेत, शाळेच्या ड्युटीपायी खाण्यापिण्याचे हाल केले, त्याचं हे."

प्रज्ञा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दिवस भरत आले तरी शाळेत जात होती. मी पाहिलं, दूध भरपूर होतं. बाळाच्या जबड्यातच ओढायची ताकद कमी होती. आणि ही बाई नसलेल्या चुकीसाठी स्वतःला खात होती. तिथं माझं ठरलं. आता रिपोर्टची वाट बघणं म्हणजे तिला रोज शिक्षा देणं होतं.

तिनंच तोंड उघडलं. "मॅडम, माझ्या लेकराला काय झालंय? सकाळपासून सगळे कोपऱ्यात जाऊन बोलून राहिलेत. मी बघितलं की गप. मी वर्गात पोरांचे चेहरे वाचते. मला येतं ते."

मी मिलिंदला आत बोलावलं. दार लावलं. स्टूल ओढून खाटेजवळ बसले आणि बाळ प्रज्ञाच्या मांडीवरच राहू दिलं.

"आधी अभिनंदन," मी म्हणाले. सकाळपासून ते कुणी म्हटलंच नव्हतं. मग जे दिसलं ते सांगितलं. मला डाउन सिंड्रोम वाटतोय, रिपोर्ट आला की पक्कं होईल. बाळाचं शिकणं सावकाश होईल. बसणं, चालणं, बोलणं, सगळं उशिरा होईल, पण होईल. काल हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी केली, त्यात एक छोटं होल दिसलंय. ते आपोआप बुजायची चांगली शक्यता आहे. लक्ष ठेवू.

प्रज्ञानं बाळाची मूठ उघडून एकेक बोट पाहिलं.

"शाळेत जाईल?"

"जाईल."

"माझ्या चुकीनं झालं?"

"तुमच्या नाही, यांच्या नाही. पेशी बनताना घडतं. कुणी काही खाल्ल्यानं किंवा ड्युटी केल्यानं होत नाही."

हे मी शांताबाईंकडं बघून म्हटलं. त्या पुटपुटल्या, "आमच्या घरात न्हाई असलं कुणाला." आणि खिडकीकडं तोंड करून बसल्या.

प्रज्ञा मिलिंदकडं वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी."

"अन् भाऊजींना? फोनवर त्यांच्याशीच बोलत होता ना?"

"सकाळीच."

"म्हणजे देगलूरला कळलं, अन् मी इथं खाटेवर होते तर मला न्हाई?"

मग ती रडली. चांगलं मोठ्यानं रडली. मिलिंदही रडला. नर्स आत डोकावली, मी हातानंच तिला थांबवलं. रडणं संपल्यावर प्रज्ञानं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बरं. आता हिला दूध कसं पाजायचं ते सांगा."

इतक्या वर्षांत मी बऱ्याच घरांना वाईट बातम्या दिल्या आहेत. इतक्या लवकर कामाला लागलेली आई मी तोवर पाहिली नव्हती.

मी तिला पद्धत दाखवली. पाजताना हाताचा पंजा स्तनाखालून घ्यायचा आणि अंगठा व बोट बाळाच्या दोन्ही गालांना लावून हनुवटीला आधार द्यायचा. जबडा स्थिर झाला की बाळाला ओढता येतं. तरी पोट भरणार नाही, म्हणून दूध काढून पळीनं पाजायचं. हे दुसरं काम मी मुद्दाम शांताबाईंना दिलं.

"मला न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या.

"मिलिंदला कुणी वाढवलं?"

त्यांनी पळी घेतली. पहिल्या दिवशी निम्मं दूध दुपट्यावर सांडलं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी राउंडला गेले तर शांताबाई नर्सला दटावत होत्या, "अशी न्हाई धरायची. डोकं वर घे लेकराचं. ठसका लागंल."

डिस्चार्जला देगलूरचे थोरले बंधू गाडी घेऊन आले. बाळाच्या दुधापायी मुक्काम लांबला होता, तोवर रिपोर्टही आला होता. डाउन सिंड्रोम पक्का झाला. त्यांनी माझ्यासमोरच विषय काढला.

"लातूरला सोडतो दोघींना. थोडे दिवस राहू द्या. नामकरणाचं पुढं बघू. लोकांना काय सांगायचं?"

प्रज्ञा म्हणाली, "मी लातूरला जाईन भाऊजी. तिथं थेरपी सेंटर हाय, बाबांच्या घरापासून जवळ. थेरपीसाठी जाईन. हाकलली म्हणून न्हाई. अन् आधी नामकरण होईल, आपल्या गावात."

"अगं पण लोक..."

"लोकांना मी सांगते."

भाऊजींनी मिलिंदकडं पाहिलं. मिलिंदनं बाळ उचललं आणि म्हणाला, "दादा, गाडी बिलोलीला घ्या."

नामकरणाला मला बोलावणं आलं. आम्ही डॉक्टर लोक अशा आमंत्रणांना सहसा जात नाही. मी गेले. गावातल्या विहाराचा हॉल भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव मैत्री ठेवलं, खीर वाटायला सुरुवात झाली. तेवढ्यात बायकांमधून एक आवाज आला, "लेकरू मंद हाय म्हनं. बघा ना डोळे."

शांताबाई उठल्या. मला वाटलं आता भांडण होतंय. त्यांनी सरळ जाऊन त्या बाईच्या मांडीवर मैत्रीला ठेवलं. "लांबून काय बघून राहिलीस? जवळून बघ. नात हाय माझी."

मग प्रज्ञानं माइक घेतला. वर्गात बोलावं तसं बोलली. "माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. हा आजार लागत नाही. कुणाच्या पापानं होत नाही. ती सगळं शिकेल, सावकाश शिकेल. तुम्हाला जे विचारायचं ते मला विचारा. माझ्या मागं बोलू नका, मला मग उत्तर देता येत नाही."

पुरुषांच्या रांगेतून सगळ्यात आधी टाळी वाजली ती देगलूरच्या भाऊजींची.

जेवणं झाल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. तिच्या हाताला दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. चेहरा पाहताक्षणी मी ओळखलं. "मॅडम, हिलाबी तेच हाय का? आम्ही कधी दाखवलंच न्हाई. पाव्हणे आले की आतल्या खोलीत बसवतो." मी त्या दोघींना नांदेडला बोलावलं. त्या आल्या. मुलीला थायरॉइडचा त्रास निघाला, गोळ्या सुरू झाल्या. पुढं लातूरहून परतल्यावर प्रज्ञानं तिचं नाव स्वतःच्या शाळेत घातलं.

लातूरचं वर्ष सोपं नव्हतं. मैत्रीला दोनदा न्यूमोनिया झाला. मान धरायला वेळ लागला, बसायला त्याहून जास्त. मिलिंद सुट्टीच्या दिवशी बसनं लातूरला जायचा, थेरपिस्टकडून व्यायाम शिकायचा. शांताबाई तर सुनेच्या माहेरीच मुक्कामाला राहिल्या. व्याही-विहीणबाईंचं स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतल्याच्या तक्रारी माझ्यापर्यंत पोचल्या. वर्षाच्या शेवटी इको केला. होल बुजलं होतं. प्रज्ञा लेकीला घेऊन सासरी आली आणि शाळेत रुजू झाली.

एकदा ओपीडी चालू असताना मिलिंदनं दार ढकललं. "मॅडम, दोन मिनिटं बाहेर या."

"नंबर लावा मिलिंद."

"नंबर हाय. पण तुम्ही बाहेर या."

बाहेर प्रज्ञा बाकाजवळ गुडघ्यावर बसली होती. शांताबाईंनी मैत्रीचे हात सोडले. मैत्री डुलली, पाय फाकवून उभी राहिली आणि चालत निघाली. मध्ये कुणाची पिशवी होती, तिला वळसा घातला. आईपाशी पोचली आणि मागं वळून स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग सगळी ओपीडी टाळ्या वाजवायला लागली. सर केबिनमधून बाहेर आले, काय गोंधळ आहे बघायला. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला आणि पुसत उभे राहिले.

आता मैत्री आईच्या शाळेच्या अंगणवाडीत जाते. शब्द थोडे आहेत, आवाज मोठा आहे. आजीला हुकूम सोडते आणि आजी ऐकते. कुणाकडं असं बाळ जन्मलं की मी आधी घरच्यांची परवानगी घेते आणि प्रज्ञाला फोन लावून देते. माझ्या तासाभराच्या समजावण्यानं जे होत नाही, ते तिच्या पाच मिनिटांत होतं.

मी यातून शिकले ते साधं आहे. बाळंतिणीला खरं सांगायला घाबरू नये. तिच्यापुढं कामं लई असतात, ती लवकर सुरू झालेली बरी.