भाईंचा दिल्लीला गेलेला प्रश्न

"आधी कल्ले बघूया," असं म्हणून भाई मासळीबाजारात कुठल्याही माशाच्या गालफडात बोट घालायचे. कल्ले उघडून आतला रंग लाल आहे की काळपट पडलाय, हे बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी बांगडा विकत घेतला नाही. मासेवालीनं देवाशपथ घेतली तरी उपयोग नसायचा. "भाई, ताजो आसा, आत्ताच होडयेतलो," ती म्हणायची. "तू गप रव. तेका सांगू दे," म्हणून ते माशाकडे बोट दाखवायचे.

माणसांच्या बाबतीतही त्यांना तेच करायचं असायचं. माणसांना कल्ले नसतात ही त्यांची आयुष्यभराची अडचण. तुमच्याही बाजारात असा एखादा असेलच, बघा. त्याला नमस्कार केला तरी 'आज का केला' असा चेहरा करणारा.

मालवणच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानाच्या माडीवर एका पक्षाचं तालुका ऑफिस. पक्ष दिल्लीत विरोधात बसणारा, त्यामुळे इकडे जिन्यावर गर्दी अशी कधी नसायची. एक टेबल, एक पंखा, भिंतीवर हार घातलेले पुढारी आणि त्यांच्या खाली भाई. वरून टायपिंगचं काम घेऊन ते खाली यायचे आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. मला कोणी पाठीमागे उभं राहिलेलं आवडत नाही. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

"झाला?"

"झालं, भाई."

"आता पुसून टाक."

"पुसलं."

"कॉम्प्युटरातल्या कचऱ्याच्या डब्यातला पण पूस गो चेडवा. माका माहीत आसा, थंय रवता."

मी चाळिशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई. तरी त्यांच्यालेखी मी चेडू. आणि पुसायचं काय, तर नळाला पाणी कमी येतं म्हणून नगरपालिकेला दिलेलं निवेदन. ते चोरून कोण काय करणार होतं, देव जाणे.

तरुणपणी ते बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. तिथेच हा स्वभाव झाला, असं त्यांची बहीण आक्का म्हणायची. लिलावात मोठा व्यापारी स्वतः पुढे येत नाही. आपण लांब उभा राहतो आणि दुसऱ्या फाटक्या माणसाला बोली करायला लावतो, म्हणजे भाव चढत नाही. भाईंना हे पक्कं ठाऊक. म्हणून बोली संपली तरी ते टोपली सोडायचे नाहीत. "घेणारो पुढे येऊ दे. टोपलेक हात लावू दे," म्हणून अडून बसायचे. खरा घेणारा गर्दीतून बाहेर येईपर्यंत उन्हात सगळे ताटकळत. व्यापारी वैतागायचे, पण होडीवाल्यांचा भाईंवर जीव होता.

पक्षात आले तरी सवय गेली नाही. सावंतवाडीला जिल्ह्याची बैठक होती, तिथे एकदा मीही कागद घेऊन गेले होते. भाषणं झाली आणि जेवणाची पानं मांडली. सुरमई, कोंबडी, सोलकढी, वर खीर. भाई पानावर बसलेच नाहीत. जिल्ह्याचे अध्यक्ष स्वतः आले, "भाई, बसा ना," म्हणाले.

"जेवण कोणाचा?"

"पक्षाचं."

"पक्षाक सुरमई परवडता?"

अध्यक्ष हसले, सगळेच हसले. पण जेवण कोणाकडून ते काही कोणी सांगितलं नाही आणि भाईंनी बाहेर जाऊन उसळपाव खाल्ला. मी मात्र पोटभर जेवले. खोटं कशाला बोलू, सुरमई फार छान होती. परतीच्या गाडीत भाई माझ्याकडे असे बघत होते, की मला प्रत्येक घास आठवला.

आता मुख्य गोष्ट सांगते. बंदराजवळ एक बर्फाचा कारखाना होता. मालक शहरातला शेठ. त्यानं बँकेचं कर्ज काढलं, ते थकवलं आणि एका सकाळी कारखाना बंद. कारखान्याच्या मागे समुद्राकडची मोकळी पुळण, म्हणजे वाळूची पट्टी होती, तीही त्याच्याच नावावर आणि कर्जाला तारण. तिथे आक्का आणि बंदरावरच्या बायका कैक वर्षं मासळी सुकवत आल्या. बांगडे, बोंबील, सुकट. शेठनं कधी हरकत घेतली नव्हती. आक्काचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, तेव्हापासून त्या पुळणीवर तिनं तीन मुली वाढवल्या आणि उजवल्या. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

सरकारनं बँकांची अशी बुडीत कर्जं उचलायला एक कंपनी काढली होती. बँकेनं थकलेलं कर्ज तिला कमी किमतीत द्यायचं, मग तिनं तारणातली जमीन, इमारत जे हाती लागेल ते विकायचं. बर्फाच्या कारखान्याचं कर्जही तिकडे गेलं. टीव्हीवर सगळे म्हणत होते, छान झालं, बँका स्वच्छ होणार. भाई माझ्या दुकानात स्टुलावर बसून म्हणाले, "कुजको मासो ह्या टोपलेतसून त्या टोपलेत घातलो. वास खंय जातलो?"

वासाचं त्यांना एवढं नव्हतं. त्यांना भीती वेगळीच होती. ही कंपनी माल विकणार कोणाला? ज्या शेठनं कर्ज बुडवलं, तोच दुसऱ्याला पुढे करून निम्म्या किमतीत आपलीच जमीन परत घेणार नाही कशावरून? कर्जाचा डाग गेला, जमीन मोकळी झाली, मग पुळणीवर हॉटेल. "आणि आक्का खंय जातली?" असं ते मला विचारायचे, जणू काही मीच विकणार होते.

माहितीच्या अधिकारात त्यांनी घेणाऱ्याचं नाव विचारून बघितलं. व्यापारी गोपनीयता आहे, सांगता येत नाही, असं उत्तर आलं. भाई त्या दिवशी फार खूश होते. "बघलंस? लपवतत म्हणजे आसा काय तरी." मला वाटतं, नाव कळलं असतं तर त्यांना एवढा आनंद झाला नसता. संशय खरा ठरला की माणूस कसा तरतरीत होतो, ते मी तेव्हा बघितलं.

त्याच सुमारास या कंपनीला आणखी अधिकार देणारं विधेयक लोकसभेत आलं. भाईंचा पक्ष विरोध करणार होता. मग काय, भाईंना झोप नाही. पक्षाचे एक खासदार बोलणार होते, घाटावरचे, आमच्या जिल्ह्याचे नव्हेत. त्यांच्यापर्यंत आपला एकच प्रश्न पोचवायचा, असं भाईंनी घेतलं. कंपनी कारखाना विकेल तेव्हा घेणाऱ्याच्या मागचा खरा माणूस कोण, ते जाहीर करणार की नाही? शेठला बंदी आहे की नाही? माझ्याकडून त्यांनी तो टाइप करून घेतला, फोन केले, अध्यक्षांना गाठलं, दिल्लीला निघालेल्या एकाच्या हातात कागद दिला. अध्यक्षांनीही दिला म्हणे. भाईंचा दोघांवरही विश्वास नव्हता, म्हणून दोन वाटा.

चर्चेच्या दिवशी माझ्या दुकानात कॉम्प्युटरवर लोकसभा लागली. आक्का आली होती, बंदरावरच्या बायका आल्या होत्या, मासळीच्या पाट्या बाहेर ठेवून. गिऱ्हाइकांना मी उद्या या म्हटलं. खासदार उठले. बराच वेळ मोठमोठ्या उद्योगपतींवर बोलले, बाकं वाजली, समोरून आरडाओरडा झाला. आक्का म्हणाली, "ह्यो आमचा कधी बोलतलो?" आणि शेवटी शेवटी खासदारांनी कागद डोळ्यांजवळ नेला. कोकणातल्या एका बर्फाच्या कारखान्याची जमीन कोणाला विकली जाणार आहे, त्या घेणाऱ्याच्या मागे मूळ कर्जबुडवाच नाही ना, मंत्र्यांनी सभागृहाला सांगावं. शब्द अन् शब्द भाईंचा. मी खुर्चीतून उठलेच. भाई मात्र पडद्याकडे टक लावून होते, हसले सुद्धा नाहीत.

मंत्री उत्तराला उभे राहिले. इतर दोनचार मुद्द्यांना हात घातला आणि मग म्हणाले, त्या बर्फाच्या कारखान्याबद्दल विचारलं गेलं, त्याची माहिती मी मागवलेली आहे, ती सांगतो. त्यांनी कागद उलटला. तेवढ्यात विरोधी बाकांवरून घोषणा सुरू झाल्या. एक उठला, दहा उठले, सगळे उठले. आपले खासदारही उठले. सरकारचा निषेध करत सगळे रांगेनं दाराबाहेर गेले. मंत्री रिकाम्या बाकांकडे बघून म्हणाले, विचारणारेच निघून गेले, मग मी सभागृहाचा वेळ घेत नाही. कागद खाली ठेवला. आवाजी मतदानात विधेयक मंजूर झालं.

एका बाईनं विचारलं, "मगे नाव खंय सांगल्यानी?" आक्का म्हणाली, "नाय सांगल्यानी." त्या उठल्या आणि पाट्या डोक्यावर घेऊन गेल्या.

भाई स्टुलावरून उठले नाहीत. मी चहा मागवला तो तसाच थंड झाला. मग म्हणाले, "सरकारान लपवला ता माका समाजता. आमचे कित्याक उठले?"

पुढच्या बैठकीत त्यांनी अध्यक्षांना भर सभेत हेच विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "भाई, सभात्याग आधीच ठरलेला होता. वरचा आदेश."

"उत्तर आयकान उठले असते तर पाय मोडतले होते?"

"पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारू."

पुढचं अधिवेशन झालं, त्याच्या पुढचं झालं. प्रश्न काही गेला नाही. गेला असेल, तर उत्तर आमच्यापर्यंत आलं नाही. बंदरावर एक दिवस माणसं आली आणि पुळणीला पत्र्याचं कुंपण घातलं. फाटकावर एका कंपनीची पाटी. भाईंनी ती वाचली आणि म्हणाले, "ह्या नाव नव्हे. माणूस खंयचो?" रखवालदार बिचारा परमुलखातला, त्याला काय माहीत. पण भाई रोज संध्याकाळी जाऊन फाटकासमोर उभे राहायचे आणि आत जाणारी प्रत्येक गाडी वाकून बघायचे. गाड्यांच्या काचा काळ्या होत्या.

त्या दिवसांत ते पक्षातल्या कोणाकडेच सरळ बघेनासे झाले. माझ्याकडेही. एकदा मी चिडून म्हटलं, "भाई, माझ्यावर पण संशय?" तर म्हणाले, "तू सुरमई खाल्लंस." मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. माणूस थट्टा करत नव्हता.

पण एक केलं त्यांनी. आपल्या घराचं अंगण, मागचं परस, खळं, सगळं आक्काला आणि त्या बायकांना देऊन टाकलं. तुळशीच्या भोवती बोंबिलांच्या दोऱ्या, पायरीवर सुकट. शेजारी वासानं हैराण झाले, काही जण नगरपालिकेत तक्रार करायला निघाले. ती तक्रार टाइप करायला ते शेजारी माझ्याकडेच आले होते, मी त्यांना मशीन बिघडलंय म्हणून परत पाठवलं. भाई आयुष्यभर कोणावर विश्वास न टाकणारा माणूस, पण ज्यांच्यावर टाकला त्यांना सगळं दिलं, घराचा उंबरठासुद्धा मोकळा ठेवला नाही स्वतःसाठी. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. तोंडावर कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर म्हणाले असते, काय होया तुका?

यंदा शिमगा झाल्यावर भाई गेले. सकाळी पूजेला बसले आणि बसल्या जागीच. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बांगडे पसरलेले होते आणि भाईंना ठेवायला जागा नव्हती. बायका रडत रडत मासळी गोळा करत होत्या. एक बांगडा कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आक्का स्वतः खाली बसून वेचत होती. मग तिथे चटई घातली आणि भाईंना आणून ठेवलं.

दुपारी जिल्ह्याचे अध्यक्ष आले. पांढरे कपडे, सोबत चार माणसं, हातात घडी घातलेला पक्षाचा झेंडा. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले. भाई पक्षाचे निष्ठावंत होते, त्यांना झेंडा घालून निरोप देऊ, म्हणाले. झेंडा उलगडायला लागले, तेव्हा आक्का उठून मध्ये उभी राहिली.

"झेंडो मगे घाला," ती म्हणाली. "आधी ती पुळण कोणी घेतल्यान, ता ह्येच्या कानात सांगा. ह्यो आता कोणाक सांगूचो नाय."

अध्यक्षांनी भाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग झेंड्याकडे.

"आक्का, ही वेळ नव्हे," ते हळूच म्हणाले. "दिवस होऊ देत. मग बोलू."

मला माहीत नाही, असं ते म्हणाले नाहीत. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. आक्का बाजूला झाली नाही, आणि भाईंना तसंच झेंड्याशिवाय उचललं.