ताडपत्री बांधणाऱ्याचा रेनकोट

मी पोचले तेव्हा माझे रेनकोट परत टेम्पोत भरणं चालू होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला तिच्या ट्रकड्रायव्हरांसाठी मी ते शिवून दिले होते. आठवडाभर वापरून कंपनीने सगळा माल रिजेक्ट केला.

"गळतात," परचेस मॅनेजर सावंत म्हणाले. "ड्रायव्हर आतून भिजतात. उल्हासनगरचा माल, दुसरं काय होणार?"

हे वाक्य मी बुवापाड्यातून उल्हासनगरला एका सिंधी सेठकडे काज-बटणं करायला जायचे तेव्हापासून ऐकते आहे. आता उल्हासनगरातच, कॅम्प चारमध्ये, माझी स्वतःची सहा मशिनं आहेत. वाक्य तेच. माझं डोकं फिरलं.

"माल खाली उतरवा. गाड्या धुता तो पाइप आणा. एक थेंब आत गेला तर सगळा माल फुकट."

रेनकोट गळतो तो शिवणीतून. सुई जाते तिथे भोक पडतं. म्हणून शिवणीवर आतून एक पट्टी गरम करून चिकटवतात. तिला सीम टेप म्हणतात. पैसे वाचवणारे ती फक्त खांद्यावर लावतात, मी सगळीकडे लावते. शिवाय प्रत्येक कोट हँगरला अडकवून पाण्याखाली धरल्याशिवाय बाहेर जात नाही.

तिथेही तसंच केलं. पाच मिनिटं पाइप चालू ठेवला. सावंतांनी आत हात घालून पाहिलं. कोरडा.

"मग ड्रायव्हर खोटं बोलतात," ते लगेच दुसऱ्या बाजूने सुरू झाले. "यांना घालायचाच नसतो. या बाळारामला त्यासाठी दोन वॉर्निंग दिल्यात. तिसरी दिली की गेटपास बंद."

गेटपास बंद म्हणजे नोकरी गेली. बाळाराममामा चामटोलीचे, साठीला आलेले. ट्रकच्या पायरीवर ओल्या शर्टात बसून सगळं ऐकत होते. माझा माल पास झाला होता, मी तिथून निघायला हवं होतं. पण रागात त्यांच्याकडेच वळले.

"काय हो मामा, चांगल्या कोटाला गळका म्हणता?"

"ताय, खुंटीवर बरा हाय तुझा कोट," ते शांतपणे म्हणाले. "मना ताडपत्री बांधायला लागते. तू घाल, चढ, बांधून दाखव."

घातला. चढले. दुसऱ्याच पायरीवर कोटाची खालची कड पायाखाली आली आणि मी मागे गेले. मामांनी कोपर धरलं म्हणून वाचले. वर उभी राहून दोन्ही हात उंच करून दोरी ओढली. खालून पाइप चालू. पाणी मनगटातून शिरलं, काखेतून कमरेपर्यंत आलं. टोपी डोळ्यांवर घसरली. खाली सावंत हसत होते.

चूक माझीच होती. मी मोटरसायकलवाल्याचाच कोट एक साइज मोठा कापून दिला होता. तो बसलेला असतो, हात पुढे असतात, गुडघे झाकायला त्याला लांब कोट लागतो. ट्रकवाला चढतो, उतरतो, हात वर करतो. हँगर हात वर करत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"रिजेक्ट तुम्ही करू नका," मी सावंतांना सांगितलं. "मीच माल परत नेते."

नवीन कोट कमरेपर्यंतचा केला. खाली छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट. बाहीच्या आत इलॅस्टिकची दुसरी आखूड बाही, मनगटाला घट्ट बसणारी. टोपी बाजूने कापलेली, आरसा दिसावा म्हणून. मामांनी पहिली दोन सॅम्पलं परत दिली. "काखेत धरतो," एवढंच बोलले. तिसरं घालून ते ट्रकवर चढले, ताडपत्री बांधून खाली आले आणि चहा मागितला.

माल घेऊन गेले तर सावंतांचं तोंड वाकडं.

"रंग नारंगी का? हेड ऑफिसने निळा पास केलाय."

"निळ्यात पावसात माणूस दिसत नाही, साहेब. मागून गाडी रिव्हर्स घेणाऱ्याला तर नाहीच."

"बरं. पण भाव जुनाच."

"जुनाच. एक अट आहे. मामांच्या दोन्ही वॉर्निंग मागे घेतल्याचं लेखी द्या."

"ते एचआरचं काम. तुमचा काय संबंध?"

"कोट माझा चुकला आणि शिक्षा त्यांना झाली. हा संबंध."

"आणि नाही दिलं तर?"

"टेम्पो वळवते. उद्या तुमचं सेफ्टी ऑडिट आहे ना? ड्रायव्हर उघडे उभे करा."

"मॅडम, हे ब्लॅकमेलिंग झालं."

"मालात खोट निघाली की तुम्ही पैसे अडवता. तुमच्या कागदात खोट आहे, मी माल अडवला."

टेम्पो गेटवर दोन तास उभा राहिला. मी ड्रायव्हरशेजारी बसून डबा खाल्ला. मग शिक्का मारलेलं पत्र आलं. मामांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजे वॉर्निंग आता परत एकपासून," ते म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

कंपनीच्या नोटीस बोर्डावर नंतर लागलं की नवा रेनकोट ही परचेस विभागाची कल्पना आहे. ते मी विसरलेले नाही.

माझ्या सॅम्पलच्या फॉर्मवर तेव्हापासून एक सही जास्त लागते, जो घालणार त्याची. ती झाल्याशिवाय मी कापड कापत नाही. सावंत दर पावसाळ्याआधी विचारतात, ड्रायव्हरची सही कशाला, माझी चालणार नाही का. मी सांगते, वर चढून ताडपत्री बांधा, तुमची घेते. अजून चढलेले नाहीत.